पाण्यातला बेड सिम्युलेशनमध्ये उडून जातो नाहीतर जागचा हलतच नाही: काय काय आणि कुठल्या क्रमाने तपासायचं

"ताई, बेड उडाला." एप्रिल-मे मध्ये, म्हणजे कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की हा फोन मला हमखास येतो. मी चिपळूणला राहते, पाण्याच्या वाळू गाळण्या आणि आयन एक्स्चेंजचे कॉलम यांची सिम्युलेशनं करून देणं हे माझं काम, त्यामुळे दाणे आणि पाणी हा विषय रोजचा. बेड म्हणजे उभ्या नळीत, म्हणजे कॉलममध्ये, भरलेला दाण्यांचा थर, खालून पुरेसं पाणी सोडलं की तो सैल होऊन फुगतो आणि तरंगतो. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक दाणा वेगळा हलवतात आणि पाणी छोट्या छोट्या सेलमध्ये (कप्प्यांत) वाटून सोडवतात. आणि इतक्या वर्षांत हीच एक बिघाडाची केस मी इतक्यांदा सोडवलीय की आता फोनवर दोन-तीन आकडे विचारले की बहुतेक वेळा कारण सापडतं. तेच आकडे आणि तोच क्रम इथे सगळा लिहून ठेवते.

एक आधीच सांगते. लोक पहिला हात घालतात ड्रॅग मॉडेलला, म्हणजे वाहतं पाणी दाण्याला किती जोराने ओढतं त्या सूत्राला. हे लावून बघ, ते लावून बघ, आठवडा जातो. माझ्याकडे आलेल्या केसेसमध्ये ड्रॅग मॉडेल क्वचितच दोषी निघालं, दोष असतो तो गुरुत्व, उत्प्लावन (पाणी दाण्याला वर ढकलतं ते बल) आणि युनिट यांच्यात. म्हणून ड्रॅग सगळ्यात शेवटी ठेवलाय.

लक्षणं

बेड जागेवर बसून राहतो, पाणी दुप्पट केलं तरी वर येत नाही. किंवा उलटं, जरा पाणी सोडलं की सगळे दाणे वर जाऊन आउटलेटला चिकटतात नाहीतर कॉलमच्या बाहेर. किंवा उंची बरी वाटते पण प्रेशर ड्रॉप (बेडच्या खालच्या आणि वरच्या दाबातला फरक) भलताच, कधी ०.९ कधी १८०० पास्कल. किंवा काचेचे बारीक मणी आणि पाणी असूनही हवेच्या बेडसारखे मोठमोठे बुडबुडे दिसतात. किंवा दोनचार हजार स्टेप (हिशोबाचे छोटे वेळेचे टप्पे) नीट चालून एकदम एक दाणा गोळीसारखा सुटतो आणि रन, म्हणजे चालू सिम्युलेशन, फुटतो. आणि आमच्या कोकणातलं खास एक, रात्री लाईट गेली, सकाळी रन पुढे चालू केला आणि बेडला मोठा धक्का बसून सगळं विस्कटलं.

यातलं कुठलंही एक असलं तरी खालच्या क्रमानेच जा, मधलं काही गाळू नका, कारण वरची तपासणी फुकटची आणि पाच मिनिटांची आहे आणि खालची दोन-दोन दिवस खाणारी.

बोलायला एक केस धरू

काचेचे गोल मणी, व्यास १ मिमी, घनता २५०० (घनता सगळीकडे किलो प्रति घनमीटर). पाणी २५ अंशाला, घनता ९९७, व्हिस्कॉसिटी (घट्टपणा) ०.८९ मिलिपास्कल-सेकंद. कॉलम ३ सेंमी बाय ३ सेंमी चौकोनी, ३० सेंमी उंच. स्थिर बेड १० सेंमी, त्यात मोकळी जागा ४० टक्के. म्हणजे दाणे साधारण १ लाख ३ हजार, एकूण वजन १३५ ग्रॅम. घरच्या कॉम्प्युटरवर झेपते अशी केस आहे ही. पुढचे सगळे आकडे याच केसचे, तुमच्या केसचे तुम्ही याच पद्धतीने काढा.

पहिलं काम कागदावर

सिम्युलेशन बंद करा आणि बेड कधी उचलायला हवा ते आधी हाताने काढा. वेन आणि यू यांचं १९६६ चं सूत्र पुरेसं आहे: आधी आर्किमिडीज नंबर काढायचा (व्यासाचा घन × पाण्याची घनता × घनतेतला फरक × ९.८१, भागिले व्हिस्कॉसिटीचा वर्ग), मग रेनॉल्ड्स = √(३३.७² + ०.०४०८ × आर्किमिडीज) − ३३.७. आपल्या केसमध्ये आर्किमिडीज येतो १८,५०० च्या आसपास, रेनॉल्ड्स ९.८, त्याला व्हिस्कॉसिटीने गुणून पाण्याची घनता आणि व्यास यांनी भागलं की वेग साधारण ८.८ मिमी प्रति सेकंद. एवढ्या वेगाला बेड सुटायला लागायला हवा.

मग एकटा दाणा स्थिर पाण्यात किती वेगाने खाली जाईल ते काढा, इथे १५ सेंमी प्रति सेकंद. आणि रिचर्डसन-झाकी (१९५४) वापरून उंची: वेग भागिले एकट्या दाण्याचा वेग = मोकळ्या जागेचा एन वा घात, एन आपल्या केसला २.६ च्या आसपास. पाणी ३ सेंमी प्रति सेकंद सोडलं तर बेड १३ सेंमी, भिंतीचा परिणाम धरला तर १५ पर्यंत. ५ सेंमी प्रति सेकंदाला १७ ते २०.

हे का करायचं, तर तुमच्या हातात अपेक्षित आकडा नसेल तर "उडाला" आणि "बरोबर वर आला" यातला फरकच कळत नाही. मागे एकाने मला घाबरून व्हिडिओ पाठवला, बेड दुप्पट उंच झाला म्हणून, आणि हिशोब केला तर त्याच्या वेगाला तो तेवढाच व्हायला हवा होता, काहीच बिघडलं नव्हतं, बिचाऱ्याने चार दिवस सेटिंग बदलण्यात घालवले.

बेडचं वजन करा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आणि सगळ्यात जास्त चोर इथेच पकडले जातात. बेड एकदा तरंगायला लागला की पाण्याने त्याचं पाण्यातलं वजन पेललेलं असतं, त्याहून जास्त नाही कमी नाही. म्हणून प्रेशर ड्रॉप = दाण्यांचा वाटा × घनतेतला फरक × ९.८१ × उंची. आपल्या केसमध्ये ०.६ × १५०३ × ९.८१ × ०.१ म्हणजे ८८५ पास्कल. वेग वाढवला, बेड फुगला, तरी हा आकडा ८८५ च राहायला हवा, कारण दाणे तेवढेच आहेत. यात ड्रॅग मॉडेलचा काही संबंध येत नाही, कुठलंही मॉडेल लावा, तरंगणाऱ्या बेडला हाच आकडा यायला पाहिजे.

आता तुमच्या रनमधून बेडच्या खालचं आणि वरचं प्रेशर घ्या, वजाबाकी करा, आणि आकडा काय आला ते बघा.

०.८९ आला? मग काहीच बिघडलेलं नाही. ओपनफोम या सॉफ्टवेअरचे इनकॉम्प्रेसिबल (घनता बदलत नाही असं धरणारे) सॉल्व्हर प्रेशर घनतेने भागून देतात, ९९७ ने गुणा, झालं. या एका गोष्टीवरून माझ्याकडे किती फोन आले त्याला गणती नाही.

१८६० च्या आसपास आला? मग त्यात १० सेंमी पाण्याचं स्वतःचं वजन (९७८ पास्कल) मिसळलंय. ते वजा करा आणि बाकी ८८५ उरते का बघा. उरली तर तुमची फिजिक्स ठीक आहे.

१४७० आला? इथे खरा दोष. दाण्यांना उत्प्लावन मिळतच नाहीये, पाण्याला त्यांचं हवेतलं पूर्ण वजन उचलावं लागतंय. म्हणून बेड उशिरा सुटतो, "जागचा हलत नाही" वाली मंडळी बहुतेक इथली.

३०० च्या आसपास आला? उत्प्लावन दोनदा लागलंय. दाणे एक तृतीयांश वजनाचे झालेत, मग ते उडणारच.

आठपट किंवा आठवा हिस्सा असं काही आलं तर व्यासाच्या जागी त्रिज्या नाहीतर त्रिज्येच्या जागी व्यास गेलाय. दाण्यांचं एकूण वजन छापून बघा, १३५ ग्रॅम यायला हवं.

पाणी खरंच पाणी आहे का

हसू नका, ही फार सामान्य चूक आहे. बहुतेकांनी शिकायला घेतलेली केस हवेच्या बेडची असते, कारण तयार उदाहरणं हवेचीच जास्त. ती कॉपी करून घनता १.२ ची १००० करतात आणि व्हिस्कॉसिटीची ओळ तशीच राहते. आता गंमत अशी की कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (व्हिस्कॉसिटी भागिले घनता) हवेची १.५ गुणिले १० चा उणे ५ वा घात आणि पाण्याची ०.८९ गुणिले १० चा उणे ६ वा घात, म्हणजे हवेचा आकडा जवळजवळ १७ पट मोठा. तो तसाच राहिला तर तुमचं पाणी पाण्यापेक्षा १७ पट घट्ट, तेलासारखं. अशा द्रवात आपला बेड ०.६ मिमी प्रति सेकंदालाच सुटतो आणि ३ सेंमी प्रति सेकंदाला ७० सेंमीच्या वर फुगू बघतो, आणि कॉलम आहे ३० सेंमीचा. बेड उडाला!

तापमानाचंही तसंच. व्हिस्कॉसिटीचा पुस्तकातला आकडा २० अंशाचा असतो, १.००. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मे महिन्यात ३० अंशाच्या वर जातं, ३० ला व्हिस्कॉसिटी ०.८०. एवढ्याशा फरकाने बेड सुटायचा वेग ८.० चा ९.५ मिमी होतो. प्रयोग पडवीत केला आणि सिम्युलेशन पुस्तकातल्या पाण्यावर, मग जुळणार कसं? प्रयोगाच्या वेळी थर्मामीटर बुडवा आणि तो आकडा लिहून ठेवा.

आणि दाण्यांची घनता. वाळू म्हटलं की २६५० लिहून मोकळे होतात. कासार्ड्याकडची स्वच्छ सिलिका वाळू असेल तर ठीक आहे. पण एका मुलाने रत्नागिरीच्या बाजूच्या किनाऱ्यावरची वाळू आणली होती, त्यात काळे कण होते, ते इल्मेनाइट, घनता ४७०० च्या आसपास. त्याच्या नळीत काळा थर खाली बसून राहायचा आणि पांढरी वाळू वर नाचायची, आणि सिम्युलेशनमध्ये अर्थातच तसं काही नाही. मेजरिंग सिलिंडर आणि किराणा दुकानातला डिजिटल काटा, एवढ्यावर घनता निघते: सिलिंडरमध्ये पाणी घ्या, वजन केलेली वाळू टाका, पातळी किती चढली ते वाचा. शिवाय वाळू गोल नसते, तिची मोकळी जागा ४० टक्क्यांहून थोडी जास्त निघते, तीही त्याच सिलिंडरमध्ये मोजून घ्या.

इनलेटचा वेग कुठला दिलाय तेही बघा. सूत्रातला वेग रिकाम्या कॉलमचा असतो. दाण्यांमधल्या फटीतला वेग त्याच्या अडीचपट, तो चुकून इनलेटला दिला तर पाणीही अडीचपट.

उत्प्लावन, इथे जरा थांबून वाचा

१४७० किंवा ३०० आला असेल तर हा भाग तुमच्यासाठी. दाण्याला वर ढकलणारं बल कोडमध्ये दोन वाटांनी येऊ शकतं. एक वाट अशी की पाण्याच्या समीकरणात गुरुत्व चालू आहे, मग प्रेशरमध्ये खोलीप्रमाणे वाढणारा भाग आपोआप येतो आणि प्रेशर ग्रेडियंटचं (उंचीप्रमाणे दाब बदलतो त्याचं) बल दाण्याला लावलं की उत्प्लावन त्यातच मिळून जातं. दुसरी वाट अशी की पाण्याच्या समीकरणात गुरुत्व नाही, किंवा सॉल्व्हरने प्रेशरमधून तो भाग आधीच वजा करून ठेवलाय, मग आर्किमिडीजचं बल वेगळी ओळ टाकून लावावं लागतं. पहिली वाट चालू असताना दुसरी ओळही टाकली की दोनदा लागतं. दोन्ही नसली की लागतच नाही.

हे एवढं साधं असून पुन्हा पुन्हा का होतं, तर हवेत फरकच पडत नाही. हवेची घनता १.२, दाण्याची २५००, उत्प्लावन विसरलं तरी ०.०५ टक्के चूक, कोणाच्या लक्षात येणार? पाण्यात तीच चूक ४० टक्क्यांची होते. हवेवर वर्षभर नीट चाललेली सेटिंग पाण्याला लावली आणि फसली असं जे म्हणतात त्यामागे हेच असतं.

तपासायला पूर्ण बेड चालवू नका. एकच दाणा, स्थिर पाणी, दाण्याचा पाण्यावरचा उलटा परिणाम बंद, आणि सोडून द्या. दोन मिनिटांचा रन. खाली जायचा वेग १५ सेंमी प्रति सेकंद आला तर उत्प्लावन बरोबर. २१ आला तर लागत नाहीये. साडेसात आला तर दोनदा लागतंय. मी तर आता नवीन सॉफ्टवेअर, नवीन व्हर्जन, काहीही घेतलं की पहिल्यांदा हा एक दाणा सोडून बघते, मगच पुढे.

याच ठिकाणी अजून एक खाच आहे. समीकरणं लिहायच्या दोन पद्धती आहेत, मॉडेल ए आणि मॉडेल बी. ए मध्ये प्रेशर ग्रेडियंट पाणी आणि दाणे दोघांत वाटलेला असतो, बी मध्ये तो सगळा पाण्याकडे. बी चा ड्रॅग गुणांक म्हणजे ए चा गुणांक भागिले मोकळी जागा. ४० टक्के मोकळी जागा असेल तर अडीचपट फरक. प्रेशर एका पद्धतीचं आणि ड्रॅग दुसऱ्या पद्धतीचा अशी सरमिसळ झाली तर बेडचं वजन बरोबर येईल पण सुटायचा वेग आणि उंची चुकेल. वजन बरोबर आणि उंची चूक असं दिसलं की हे आठवा.

लाईट गेल्यावर चालू केलेला रन

जून ते सप्टेंबर आमच्याकडे हा प्रकार नित्याचा. दाण्यांचा कोड आणि पाण्याचा कोड वेगवेगळ्या वेळी फाइल लिहितात. दाणे शेवटचे ४.२ सेकंदाला लिहिले गेले, पाणी ४.० ला, आणि तेवढ्यात लाईट गेली. पुन्हा चालू केलं की नवीन जागेवरचे दाणे आणि जुनं प्रेशर एकत्र येतात, जिथे आता दाणे नाहीत तिथे ड्रॅग लागू बघतो आणि बेडला लाथ बसते. उपाय फुकटचा: दोन्हींचा लिहायचा अंतराल एकच ठेवा, आणि रन पुढे नेताना दोन्हीकडची तीच वेळ आहे ना ते डोळ्यांनी बघा, नसेल तर मागच्या जुळणाऱ्या वेळेवर जा. शेवटची फाइल अर्धवट लिहिलेली असू शकते, तिचा आकार आधीच्या फाइलएवढा आहे का तेही बघा. मी ०.२ सेकंदाला दोन्ही लिहिते, डिस्क भरते पण रात्र वाया जात नाही.

भरताना झालेली गडबड

पहिल्या काही स्टेपमध्येच दाणे सुटले तर भरताना ते एकमेकांत घुसलेले असतात. दाबलेली स्प्रिंग सुटावी तसं होतं. पाणी बंद ठेवून दाणे वरून पडू द्या, बसू द्या, हलायचे थांबले की ती अवस्था सेव्ह करा आणि तिथून पाणी सुरू करा. पाणीही एकदम पूर्ण वेगाने नको, अर्ध्या-एक सेकंदात हळूहळू वाढवा. आणि बेडच्या खाली इनलेटपर्यंत तीनचार सेल मोकळे असू देत.

टाइमस्टेप आणि दाण्याचा कडकपणा

इथून पुढे वेळ खाणाऱ्या गोष्टी सुरू. मधेच एखादा दाणा गोळीसारखा सुटत असेल तर दाण्यांचा टाइमस्टेप मोठा आहे. दाण्याच्या पृष्ठभागावरून लाट पसरायला जो वेळ लागतो, ज्याला रेले टाइम म्हणतात, त्याच्या २० टक्क्यांच्या आत राहायचं. खऱ्या काचेचा कडकपणा घातला तर १ मिमी मण्याला हा रेले टाइम ५ गुणिले १० चा उणे ७ वा घात सेकंद येतो, मग स्टेप १० चा उणे ७ वा घात, आणि १० सेकंदांच्या रनला १० कोटी स्टेप. कोणी एवढं थांबत नाही, म्हणून कडकपणा कमी करतात. यंग्स मॉड्युलस (कडकपणाचा आकडा) ५० लाख ते १ कोटी पास्कल ठेवला तर स्टेप ५ गुणिले १० चा उणे ६ वा घात चालते. पाण्यात दाणे हळू आदळतात त्यामुळे एवढं मऊ चालतं, फक्त दोन दाणे एकमेकांत व्यासाच्या १ टक्क्याहून जास्त घुसत नाहीत ना ते बघायचं. घुसत असतील तर बेड बसलेला असतानाच दाट होतो आणि सगळे आकडे सरकतात.

पाण्याची स्टेप दाण्यांच्या ५० ते १०० स्टेपएवढी. पण दाणे बारीक असतील, ०.१ मिमी वगैरे, तर सावध राहा. त्या दाण्याला पाण्याचा वेग पकडायला दीड मिलिसेकंदाहून कमी वेळ लागतो आणि तुमची पाण्याची स्टेप एक मिलिसेकंदाची असेल तर ड्रॅग दाण्याला ओढून पलीकडे नेतो, पुढच्या स्टेपला उलटा ओढतो, हेलकावे वाढत जातात आणि रन फुटतो. स्टेप दहापट कमी करा नाहीतर ड्रॅग इम्प्लिसिट (पुढच्या स्टेपचा वेग धरून काढलेला) करा.

मेश

मेश, म्हणजे पाण्याच्या सेलची जाळी, बारीक केली की उत्तर सुधारतं हे इतर ठिकाणी खरं, इथे नाही. या पद्धतीत एका सेलमध्ये बरेच दाणे असावे लागतात कारण ड्रॅग सेलमधल्या सरासरी मोकळ्या जागेवरून निघतो. सेल दाण्याच्या निदान तिप्पट ठेवा, आपल्या केसला ३ मिमी, म्हणजे कॉलममध्ये १० बाय १० सेल. कोणी १ मिमीचा सेल केला आणि दोन दाण्यांचे मध्यबिंदू त्यात आले तर मोकळी जागा शून्याच्या खाली जाते, कोड ती कुठल्यातरी किमान आकड्यावर अडवतो, ड्रॅग भडकतो आणि तिथून दाणे फेकले जातात. खोटे बुडबुडे पण बरेचदा इथूनच येतात.

बुडबुड्यांवरून आठवलं. आमच्याकडे नळपाणी योजनेच्या गाळणीवर एक काका वर्षानुवर्षं बॅकवॉश (खालून उलटं पाणी सोडून वाळू धुणं) देतात. पावसाळ्यात लाल गढूळ पाणी आलं की दिवसातून दोनदोनदा द्यावा लागतो. त्यांनी मला एकदा टाकीच्या कठड्यावर उभं करून दाखवलं, वाळू सगळीकडून सारखी, अलगद, वर आली पाहिजे. "एका जागी पेजेला उकळी यावी तशी वाळू वर येताना दिसली की समज, खालचं नोझल तुटलंय." सिम्युलेशनलाही हेच लागू आहे. १ मिमी काच आणि पाणी हा शांतपणे फुगणारा बेड आहे. विल्हेल्म आणि क्वाक यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं की पाण्यात शिशाचे छर्रे असतील तर बुडबुडे येतात, काच-वाळूला बेड एकसारखा फुगतो. तुमच्याकडे एका जागी उकळी दिसली तर आधी इनलेटचा वेग सगळीकडे सारखा आहे का बघा, मग मेश.

पाण्यात आदळणारा दाणा उसळत नाही

रेस्टिट्यूशन (आदळण्याच्या वेगाचा किती भाग उसळताना परत मिळतो तो गुणांक) ०.९ हा कोरड्या काचेचा आकडा. पाण्यात दोन दाणे जवळ आले की मधलं पाणी पिळून बाहेर जावं लागतं आणि वेग तिथेच मरतो. टक्करीचा स्टोक्स नंबर (दाण्याचा जोर पाण्याच्या घट्टपणापुढे किती ते) १० च्या खाली असेल तर दाणा जवळजवळ उसळतच नाही. आपल्या बेडमध्ये २ सेंमी प्रति सेकंदाने आदळलं तर तो ६ येतो. म्हणून ०.१ ते ०.३ ठेवा. उंची फारशी बदलणार नाही, पण दाण्यांची उगाच चाललेली थरथर थांबते.

ॲडेड मासही हवेच्या केसमध्ये नसतो. दाणा वेग बदलताना आजूबाजूचं पाणीही सोबत ओढतो, गोलाला गुणांक ०.५, म्हणजे आपला २५०० चा दाणा साधारण ३००० चा असल्यासारखा वागतो. स्थिर उंचीला फरक नाही. पण पाणी चालू-बंद करताना बेड कसा वागतो हे बघायचं असेल तर लागतोच.

आता ड्रॅग

इथपर्यंत सगळं बरोबर आणि तरी उंची १५-२० टक्के चुकतेय, तर आता ड्रॅग मॉडेल बदलायचा हक्क तुम्हाला मिळाला. गिडास्पोचं मॉडेल मोकळी जागा ०.८ च्या खाली अर्गनचं सूत्र आणि वर वेन-यूचं वापरतं, तिथे एक पायरी आहे (ड्रॅग एकदम बदलतो), बेड खूप फुगलेला असेल तर पृष्ठभाग त्या पायरीवर थरथरतो. डी फेलिचे (१९९४) यात पायरी नाही, पाण्याच्या बेडला मी सुरुवात त्याने करते. गुणांक मुरगाळून उंची जुळवू नका, एका वेगाला जुळेल आणि दुसऱ्याला सुटेल. निदान तीन वेग चालवा.

जमलं तर खरा बेडच करून बघा. मी पडवीत केलाय. आतून ३४ मिमी व्यासाची ॲक्रिलिकची नळी, म्हणजे क्षेत्रफळ आपल्या चौकोनी कॉलमएवढंच, खाली बारीक जाळी आणि तिच्याखाली दोन बोटं जाडीचे मोठे मणी, पाणी सगळीकडे सारखं पसरावं म्हणून. पाणी गच्चीवरच्या टाकीचं. ३ सेंमी प्रति सेकंद हवं तर लिटरचं माप साधारण ३७ सेकंदांत भरलं पाहिजे. बेडच्या खाली आणि वर एकेक बारीक पारदर्शक नळी जोडायची, दोन्हीतल्या पाण्याच्या पातळीत ९ सेंमीचा फरक दिसतो. तेच ते ८८५ पास्कल. नळ हळूहळू उघडत गेलं की फरक वाढतो वाढतो आणि ९ ला येऊन थांबतो, आणि त्याच क्षणी वरचा थर सैल होऊन मणी एकेक करून सरकायला लागतात. हे एकदा डोळ्यांनी बघा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

एक दाणा बरोबर पडतोय, बेडचं वजन बरोबर येतंय, तीन ड्रॅग मॉडेल झाली, खऱ्या नळीशी तरी २० टक्क्यांहून जास्त फरक राहतोय, तर एकट्याने पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा दाण्यांचा आकार, मिश्र साइझ किंवा चिकटपणा हा मुद्दा असतो आणि त्याला हे काम रोज करणारा माणूस लागतो. द्रवात चिखल, शाडू, पॉलिमर असं काही असेल, जो ढवळला की पातळ होतो, तर सुरुवातीलाच थांबा, वरचं एकही सूत्र तसंच्या तसं चालत नाही.

कोड स्वतः बदलायची वेळ आली, म्हणजे बलाची ओळ सोर्समध्ये जाऊन दुरुस्त करायची, तर ज्याने तो कोड आधी हाताळलाय त्याला सोबत घ्या.

तुमच्या आकड्यावरून खरा पंप, खरी गाळणी, खरा प्लांट ठरणार असेल तर सिम्युलेशन कितीही सुंदर दिसलं तरी प्रोसेस इंजिनियरकडून आणि पायलट कॉलमवरून तपासून घेतल्याशिवाय सही करू नका. बॅकवॉश जास्त झाला तर वाळू गटारात जाते, कमी झाला तर गढूळ पाणी गावाच्या नळाला येतं.

आणि लाईट जाऊन आल्यावर कॉम्प्युटरला किंवा यूपीएसला जळका वास येत असेल, कॅबिनेटला हात लावल्यावर चुणचुणत असेल, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा, अर्थिंग तपासून घ्या. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीसुद्धा ओल्या असतात, तेवढ्या वेळापुरता रन राहू द्या.

मदत मागायला फोन कराल तेव्हा व्हिडिओच्या आधी हे पाठवा: दाण्याचा व्यास, दोन्ही घनता, व्हिस्कॉसिटी आणि पाण्याचं तापमान, रिकाम्या कॉलमचा वेग, दाण्यांचं एकूण वजन, मोजलेला प्रेशर ड्रॉप, आणि एकटा दाणा किती वेगाने पडला ते.